एक नंबरचं रडगाणं

सकाळी बरोबर अकरा वाजून दहा मिनिटांनी धाकटीने फोनवरचा तो गुलाबी चौकोन उघडला. उघडला नसता तर त्या दिवशी घरात फक्त चादरी धुवायच्या होत्या.

धाकटी म्हणजे घरातली सून. माहेरी भावंडांत शेवटची म्हणून पडलेलं नाव तिच्या मागोमाग सासरी आलं आणि चिकटलं. आता स्वतःचं सव्वा वर्षाचं पिल्लू कडेवर असलं तरी ती धाकटीच. नवरा लिफ्टची दुरुस्ती करतो, म्हणून सगळे त्याला लिफ्टवाला म्हणतात. (स्वतः मात्र तो रोज तीन जिने चढून घरी येतो. त्यांच्या इमारतीला लिफ्टच नाही.) घरात चौथं माणूस म्हणजे सासूबाई.

धाकटीचा स्वभाव मुळात काळजीचा. पिल्लू शिंकलं की ती डॉक्टरांचा नंबर काढून ठेवायची आणि शिंकलं नाही की नाक चोंदलंय का ते बघायची. अशा बाईच्या हातात असला चौकोन पडायला नको होता, पण पडला.

चौकोन गाण्यांच्या ॲपने पाठवला होता. ‘तुमचं वर्ष, तुमची गाणी! बघा, वर्षभर तुम्ही काय ऐकलंत!’ पिल्लू जमिनीवर बसून चमच्याने डबा बडवत होतं. धाकटीला वाटलं, बघू तरी.

पहिल्या पानावर लिहिलं होतं की, तुम्ही ऐकलेली गाणी एकापाठोपाठ लावली तर महिनाभर रात्रंदिवस चालतील.

“महिनाभर?” धाकटी स्वतःशीच म्हणाली. त्या वर्षात तिने चहाचा एक कपसुद्धा गरम असेपर्यंत संपवला नव्हता.

दुसऱ्या पानावर एक नंबरचं गाणं होतं. तिने दाबलं आणि एक पुरुष गळा काढून रडायला लागला. आवाज असा की पिल्लूने चमचा खाली ठेवला. गाण्यातल्या माणसाची प्रेयसी दुसऱ्याशी लग्न करून मोकळी झाली होती आणि हा रोज भर उन्हात तिच्या घराखाली उभा राहत होता. दोन नंबरला पिल्लूची अंगाई होती. ती धाकटीच लावायची, तेव्हा तिचं काही नाही. पण हा रडका कोण?

तिसऱ्या पानावर फटाके उडाले. ‘अभिनंदन! या गायकाच्या सगळ्यांत निष्ठावान चाहत्यांमध्ये तुमचा समावेश आहे!’ आणि चौथ्या पानावर लिहिलं होतं, ‘दुपारी एक ते तीन ही तुमची हळवी वेळ.’

ॲपचं खातं एकच, नवऱ्याच्या नावाचं, दोघांच्या फोनवर चालणारं. धाकटी अंगाईशिवाय काही लावत नाही. सासूबाईंचा फोन बटणांचा. राहिलं कोण? दुपारी एक ते तीन हळवा होतो कोण?

मग तिला ती निळी इमारत आठवली. गावभर लिफ्टा आहेत, पण दर आठवड्याला बंद पडायची ती निळ्या इमारतीचीच. वरच्या मजल्यावरच्या बाई फोन करायच्या. एकदा तर फोन स्पीकरवर होता आणि धाकटीने या कानांनी ऐकलं होतं, “तुमच्याशिवाय आता कुणाचा भरवसा वाटत नाही हो!” तेव्हा ते तिला लिफ्टबद्दल वाटलं होतं. (तेव्हा ती भोळी होती.)

तिने नवऱ्याला फोन लावला.

“अहो, कुठे आहात?”

“निळ्या इमारतीत,” लिफ्टवाला धापा टाकत म्हणाला. “नंतर बोलतो, बाई आत आहेत.”

“कोण बाई? कशाच्या आत?”

“वरच्या मजल्यावरच्या. दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्यात. एकट्या आहेत, घाबरल्यात. मी जरा त्यांच्याशी बोलत बसलोय, धीर येतो ना—”

“आणि मला कोण धीर देणार?”

“तू कुठे अडकलीस?” त्याने विचारलं आणि रेंज गेली.

धाकटी सरळ समोरच्या शिवणवाल्या काकूंकडे गेली. काकूंचा मशीनवरचा पाय आणि तोंड एकदमच चालतात. त्यांनी गाणं पूर्ण ऐकलं, मशीन थांबवलं (हे वाईट लक्षण होतं) आणि सुस्कारा सोडला.

“पुरुष उगाच गाणी ऐकत नाही बाई. माझ्या आतेभावाने असंच सुरू केलं होतं.”

“मग?”

“मग काय! अत्तर लावायला लागला. हा लावतो का अत्तर?”

“यांना ग्रीसचा वास येतो.”

“अत्तर कशाला लावतात? वास झाकायलाच ना? हा ग्रीसने झाकतो. हुशार आहे.” काकूंनी दोरा दातांनी तोडला. “कुणाला बोलायची नाही हो मी.”

घरी येऊन धाकटीने सासूबाईंना गाणं ऐकवलं. मनात होतं की त्या तरी म्हणतील, काहीतरीच काय, माझा मुलगा तसला नाही. सासूबाईंनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, “तुला सांगायचं नव्हतं पोरी, पण तुझ्या आधी एक स्थळ आलं होतं.”

“मग?”

“याला मुलगी फार पसंत होती. मीच नको म्हटलं. मला तिचं हसणं खटकलं. मला काय ठाऊक, हा आतल्या आत कुढत बसेल!” आणि सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. “माझंच चुकलं गं. फार गोड हसायची.”

आता निळ्या इमारतीतली एक आणि गोड हसणारी दुसरी, अशा दोघी धाकटीच्या डोक्यात येऊन बसल्या. तिने कपाटावरची बॅग खाली काढली. पिल्लूचे कपडे भरले, औषधं भरली, थंडी वाजली तर म्हणून दोन टोप्या भरल्या, ऊन लागलं तर म्हणून तिसरी भरली. स्वतःसाठी जागाच उरली नाही. ती बॅगेशेजारी बसून रडली. तो आला की सरळ विचारायचं आणि हो म्हणाला तर निघायचं, असं तिने ठरवलं.

बरोबर जेवणाच्या वेळेला लिफ्टवाला घरी आला. एरवी तो डबा नेतो आणि दुपारी कधीच येत नाही. चेहरा पार उतरलेला. हात न धुताच पाटावर बसला. दोघंही एकमेकांकडे बघेनात. सासूबाईंनी वाढलं आणि त्या लगबगीने स्वयंपाकघरात जाऊन दाराआड उभ्या राहिल्या.

जरा वेळाने धाकटी म्हणाली, “पिल्लू, बाबांना विचार, दुपारी त्यांना कुणाची आठवण येते?”

लिफ्टवाल्याचा घास हातातच राहिला. “पिल्लू, आईला सांग, बाबा दुपारी लिफ्टच्या खड्ड्यात असतात. तिथे रेंज नसते. आठवणसुद्धा येत नाही.”

“मग ते रडगाणं वर्षभर कोण ऐकतंय, विचार!”

“तेच विचारायला बाबा बाईंना बाहेर काढून, बाकीचं काम टाकून आलेत!” लिफ्टवाल्याचा आवाज चढला आणि मग एकदम बसला. “माझ्याही फोनवर आलाय तो चौकोन. कामावरच्या मित्राने बघितला. म्हणाला, दुपारी तर तू माझ्यासोबत असतोस, मग घरी एवढं कोण झुरतंय?” त्याने पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. “अगं, कोण आहे तो? लग्नाआधीचा आहे का? सांग, मी काही बोलणार नाही. फक्त सांग.”

आपल्यावर कुणी संशय घेईल हे धाकटीच्या काळजीच्या यादीत कधी आलंच नव्हतं. दाराआड सासूबाईंच्या हातातला डाव खाली पडला.

तेवढ्यात पिल्लू डोळे चोळत किरकिरायला लागलं. भांडण असलं तरी झोपेची वेळ ती झोपेची वेळ. धाकटीने खोलीत अंधार केला, त्याला कुशीत घेतलं आणि उशीखाली फोन ठेवून अंगाई लावली. लिफ्टवाला उत्तर घेतल्याशिवाय हलणार नव्हता, तो दाराशी उभा राहिला. पिल्लूचा श्वास संथ झाला. धाकटीने उशीखाली हात घातला, फोनच्या कडेचं बटण दाबत दाबत आवाज पार बंद केला आणि पावलं न वाजवता उठली.

“अंगाई बंद नाही केलीस?” लिफ्टवाला कुजबुजला.

“केली की.”

“कुठे केलीस? आवाज फक्त कमी केलास.”

“कमी नाही, पार बंद केला. तेच ते. काचेला हात लावला की उजेड पडतो, मग हा उठतो. म्हणून मी रोज असंच बंद करते.”

“रोज?”

“सांगितलं ना, रोज. जेवणानंतर.”

लिफ्टवाल्याने उशीखालून फोन काढला, कानाशी धरला आणि कडेचं आवाज वाढवायचं बटण हळूहळू दाबत गेला. आधी काहीच नाही. मग लांबून कुणीतरी विव्हळल्यासारखं झालं. मग तो माणूस तिथेच होता, भर उन्हात, प्रेयसीच्या घराखाली.

दोघं फोनकडे बघत राहिली. अंगाई बोलता बोलता संपली होती, आणि ती संपली की ॲप आपल्या मनाने पुढचं गाणं लावतं. कधीतरी त्याने हे लावलं असणार. कुणी बदललं नाही, तेव्हा ॲपला वाटलं, बाईंना फार आवडलेलं दिसतंय. मग रोज तेच, पिल्लू उठेपर्यंत. तो बिचारा वर्षभर उशीखाली गळा फाडून रडला आणि कुणाला ऐकूसुद्धा आला नाही.

“म्हणजे सगळ्यांत निष्ठावान चाहता…” धाकटी म्हणाली.

“आपली उशी,” लिफ्टवाला म्हणाला आणि दारातच खाली बसून तोंडावर हात दाबून हसायला लागला. धाकटी आधी रडली आणि मग हसली. एकाच वेळी दोन्ही करू नये, उचकी लागते. तिला लागली.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण शिवणवाल्या काकू कुणाला बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त ब्लाउज न्यायला आलेल्या बायकांना सांगितलं. सासूबाईंनी धाकटीच्या नणंदेला कळवलं होतं आणि ती फोनवर रडून झाली होती. धाकटीचा भाऊ टेम्पो घेऊन बहिणीला न्यायला निघालासुद्धा होता. निळ्या इमारतीतल्या बाईंनी तर निरोप धाडला की, पुढच्या वेळी दुसरा माणूस पाठवा, वयस्कर असला तरी चालेल.

तेव्हा वाचणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे. पहिली बातमी संध्याकाळच्या आत आपल्या पायांनी सगळीकडे पोचली, पण दुसरी काही दाराबाहेर पाऊल टाकायला तयार नाही. तिला तुम्हीच उचलून न्या. जो भेटेल त्याला सांगा की लिफ्टवाला सज्जन आहे, त्याची बायकोही सज्जन आहे, आणि टेम्पो रिकामाच परत गेला. चूक कुणाची असं कुणी विचारलंच, तर ॲपची म्हणून सांगा. घरात सगळ्यांच्या मते तसंच ठरलंय. सगळ्यांच्या म्हणजे धाकटीच्या. बाकीची दोघं अजून तयार नाहीत आणि पिल्लूला बोलता येत नाही.