स्वयंचलित पक्षी-दाणापात्र (मोटरसह)

पक्षी हा जीव सृष्टीच्या आरंभापासून कोणत्याही यंत्राच्या मदतीवाचून जेवत आला आहे, ही विज्ञानाच्या दृष्टीने शरमेची बाब आहे. ही शरम धुऊन काढण्याचं काम १९७९ साली नागपुरातल्या आमच्या शाळेने अंगावर घेतलं. शाळा जरीपटका वस्तीच्या पुढे होती. मी तिथे मराठी शिकवत असे, म्हणून मला प्रकल्प समितीत घेण्यात आलं. (अहवालात ऱ्हस्व-दीर्घ चुकू नये, एवढीच माझ्याकडून अपेक्षा होती.)

त्या वर्षी जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन आमच्याच मैदानावर भरायचं होतं. मांडव आपला आणि बक्षीस दुसऱ्याचं, हे संस्थेचे सचिव भैयाजी यांना पटण्यासारखं नव्हतं. भैयाजींची लाकडाची वखार होती आणि शिक्षणावर श्रद्धा होती. त्यांनी विज्ञानाचे शिक्षक रुपराव यांना बोलावून घेतलं.

"पहिला नंबर आला पाहिजे गा, रुपराव," ते म्हणाले. "मंग तुले पर्मनंट करून टाकू."

रुपराव सात वर्षं तात्पुरते होते. शाळा दर एप्रिलअखेर त्यांना कामावरून काढी, आणि जूनमध्ये असा अनुभवी माणूस मोकळा सापडल्याबद्दल आनंद व्यक्त करून पुन्हा घेई. मधल्या काळात ते बेकार असत, याला आम्ही उन्हाळी सुट्टी म्हणत असू. सावनेरच्या शामला नावाच्या मुलीशी त्यांचं लग्न ठरलं होतं आणि ठरूनच राहिलं होतं. कारण 'आधी पर्मनंट, मग मांडव' असं धोरण मुलीच्या वडिलांनी जाहीर केलं होतं. प्रकल्प दाणापात्राचा ठरला, आणि अशा रीतीने सावनेरचं एक लग्न नागपूरच्या चिमण्यांच्या हाती आलं.

शिक्षण खात्याच्या नियमाप्रमाणे प्रकल्प विद्यार्थ्यांनी करायचा असतो. नियम मोडण्याचा प्रश्नच नव्हता. आठवीतल्या गोपिका नावाच्या मुलीची प्रकल्पकर्ती म्हणून नेमणूक झाली आणि यंत्राशेजारी उभं राहण्याचं मुख्य काम तिच्याकडे सोपवण्यात आलं. कल्पना, आराखडा, बांधणी वगैरे किरकोळ कामं आम्ही मोठ्यांनी वाटून घेतली.

"सर, मी काय करू?" तिने एकदा विचारलं.

"तू शिकून राहिली ना बेटा," मुख्याध्यापक आनंदराव म्हणाले. "तेच कर."

यंत्र तसं साधं होतं. वर डालड्याचा डबा, त्यात ज्वारी. डब्याखाली फिरणारी भोकाची चकती. भोकातून दाणे खालच्या ताटात. चकती फिरवायला मोटर हवी होती. ती आनंदरावांच्या खोलीतल्या कूलरमधून काढण्यात आली. डिसेंबर महिना होता. नागपुरात डिसेंबरमध्ये कूलरचा त्याग करणं फार अवघड नसतं, तरी आनंदरावांनी तो फार गंभीर चेहऱ्याने केला.

पहिल्या चाचणीत एकही दाणा ताटात पडला नाही. कूलरची मोटर ज्या वेगाने उन्हाळा परतवते त्याच वेगाने तिने ज्वारी फेकली. ज्वारी मैदान ओलांडून, खिडकीतून, सातवीच्या हिंदीच्या तासात गेली. त्यात फळ्याचं आणि कबीराच्या एका दोह्याचं थोडं नुकसान झालं. अहवालात मी 'खाद्याचे व्यापक वितरण' अशी नोंद केली.

मग रुपरावांनी शिलाई मशीनचं एक मोठं चाक आणि पट्टा लावून वेग कमी केला. वेग कमी झाला तितका आवाज वाढला. (ऊर्जा नष्ट होत नाही, केवळ रूप बदलते, हा धडा मला त्या दिवशी कळला.) चाकाचा खडखडाट, पट्ट्याची किंकाळी आणि डब्याची थरथर मिळून असं वाटे, की भांड्यांचं दुकान कोणीतरी बैलगाडीतून घाईने हलवतोय. दाणे मात्र आता शिस्तीत ताटात पडू लागले. कळ दाबताक्षणी मैदानातल्या कडुनिंबावरून चिमण्या उठल्या, साळुंक्या उठल्या, आणि कवायतीच्या ढोलालाही कधी न हललेला एक म्हातारा कावळा उठून गेला.

म्हणजे यंत्र परिपूर्ण होतं. पक्ष्यांची तयारी कमी पडत होती.

समितीची बैठक झाली. पक्ष्यांच्या मनात यंत्राबद्दल विश्वास निर्माण करावा, असं ठरलं. त्यासाठी मोटर बंद ठेवून, यंत्राजवळ उभं राहून, मधल्या सुट्टीत हाताने दाणे टाकायचं काम गोपिकेला दिलं. हे तिला नेमकं जमलं. आठवड्याभरात चिमण्या तिच्या चपलांवरून चालू लागल्या. साळुंक्या तर घंटा व्हायच्या आधीच येऊन ताटाभोवती बसत आणि वर्गाच्या दाराकडे पाहत. ती आली की ताट भरी, बाजूला उभी राही, आणि तिकडे न पाहता स्वतःची पोळी-भाजी खाई. मोटर सुरू केली की मैदान रिकामं. मोटर बंद असताना पक्ष्यांची हजेरी चाळीस आणि चालू असताना शून्य भरली. दोहोंची सरासरी वीस येते. ती अहवालात घातली.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी रुपराव माझ्याजवळ येऊन बसले. त्यांनी दाढी केली नव्हती.

"सर, उद्या एक बी पाखरू आलं नाही, तर सावनेरचा विषय संपला," ते म्हणाले. "तिच्या बापानं दुसरं स्थळ पाहून ठेवलं आहे. मले तर आता चिमणी दिसली का मी रस्ता बदलतो."

मी त्यांना धीर दिला. विज्ञानावर विश्वास ठेवा म्हणालो. ते विज्ञानाचे शिक्षक असल्यामुळे त्याचा फारसा उपयोग झाला नाही.

दुसऱ्या दिवशी मैदान पालकांनी भरून गेलं. अकराच्या सुमारास खात्याचे मोठे साहेब एकेक प्रकल्प पाहत कडुनिंबाखाली आले. गोपिकेने नेहमीच्या सवयीने ताट काठोकाठ भरून ठेवलं होतं. आनंदरावांनी हात जोडून खूण केली. रुपरावांनी कळ दाबली.

काहीच झालं नाही.

त्यांनी ती पुन्हा वर-खाली केली. लाइन, म्हणजे वीज, गेली होती. उघड्यावर भर उन्हात ते कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. रुपरावांनी कळ सोडली. त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटतं, मिटल्या डोळ्यांसमोर त्यांना सावनेरचा रस्ता दिसत असावा, आणि त्यावरून दुसऱ्याची वरात.

तेवढ्यात एक चिमणी खाली आली. मग चार आल्या. मग साळुंक्यांचा अख्खा थवा उतरला. गोपिका शेजारी उभी होती आणि ताट भरलेलं होतं, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने ही मधली सुट्टीच होती. तो कावळासुद्धा आला. गर्दीतली माणसं टाचा उंचावून पाहू लागली.

"वा," साहेब हळूच म्हणाले. "जराही आवाज नाही."

"तेच तर संशोधन आहे, साहेब," आनंदराव म्हणाले.

"बेटा, हे चालतं कसं?" साहेबांनी गोपिकेला विचारलं.

विजेचं रूपांतर गतीत कसं होतं, याचं मी लिहून दिलेलं पानभर उत्तर तिला पाठ होतं. तिने एकदा रुपरावांकडे पाहिलं. त्यांचे डोळे अजून मिटलेलेच होते. मग ती म्हणाली, "साहेब, हे चालून नाही राहिलं. लाइन गेली आहे. चालू असलं का पाखरं पळून जातात. बंद असलं का येतात."

आनंदरावांचे जोडलेले हात सुटले. साहेबांनी यंत्राभोवती एक फेरी मारली.

"म्हणजे," ते शेवटी म्हणाले, "याला वीज लागतच नाही?"

"नाही साहेब," गोपिका म्हणाली.

साहेब सर्वांकडे वळले. देशात विजेची केवढी टंचाई आहे, हे त्यांनी आवाज चढवून सांगितलं. अशा काळात विजेचा एक थेंबही न वापरणारं विजेचं यंत्र एका शाळकरी मुलीने तयार करावं, याचा त्यांना अभिमान वाटला. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि पाखरं उडाली. पण तोवर पहिला नंबर जाहीर झाला होता.

रुपराव प्रामाणिक गृहस्थ होते. ते पुढे होऊन म्हणाले, "साहेब, तसं नाही, ते..."

भैयाजींनी त्यांचा दंड धरला आणि कानाशी लागून विचारलं, "सावनेरले निरोप पाठवू का नको पाठवू?"

रुपरावांनी पुढे टाकलेलं पाऊल मागे घेतलं. त्यांची पर्मनंटची ऑर्डर त्याच महिन्यात निघाली.

पुढे सगळं रीतसर झालं. जिल्ह्यातल्या इतर शाळांसाठी माहितीपत्रक निघालं. त्यातल्या भाषेची जबाबदारी माझ्यावर होती. 'मोटर हा यंत्राचा अविभाज्य भाग असून ती काढू नये, तसेच सुरू करू नये,' हे वाक्य माझं आहे. मोटर यंत्रात अडकून पडल्यामुळे मे महिन्यात आनंदरावांचा कूलर नुसताच उभा होता. ते त्यासमोर बसून घाम पुसत आणि भेटायला येणाऱ्यांना सांगत, "हाही वीज खात नाही."

रुपरावांचं लग्न त्याच मे महिन्यात सावनेरला झालं. पंगतीत ते माझ्याशेजारी येऊन टेकले. बाशिंग सावरत हळूच म्हणाले, "सर, मी खोटं नाही बोललो. मी फक्त बोललो नाही." मी म्हणालो, त्यालाच नोकरी म्हणतात. त्यांना ते पटलं असावं, कारण त्यांनी आणखी एक जिलबी घेतली.

गोपिकेला प्रशस्तिपत्र मिळालं आणि सोबत एक सूचनाही: हाताने दाणे टाकल्यास यंत्राच्या कार्याचं अचूक मोजमाप होत नाही, तरी तिने मैदानात दाणे टाकू नयेत. ती मग मधल्या सुट्टीत मागच्या भिंतीवर बसून डबा खाऊ लागली. पाखरं तिकडे गेली. यंत्र आवाज न करता मैदानात उभं राहिलं.

त्याच भिंतीपलीकडे धान्याचं गोदाम आहे. फाटक्या पोत्यांतून तिथे बारा महिने ज्वारी सांडत असते आणि पाखरं पहाटेपासून तिथेच चरत असतात. पोट भरलं की ती गोपिकेकडे येत, ती केवळ ओळखीखातर. पाखरांना मुळात भूक होती का, हे समितीने विचारलं नाही. साहेबांनी नाही, टाळ्या वाजवणाऱ्यांनी नाही. आपणही इतका वेळ हसत वाचत आलात, पाखरं यंत्राजवळ का येत नाहीत याची काळजी केलीत, आणि हे विचारलं नाहीत. संकोच करू नका. आमच्या समितीत एक जागा रिकामी आहे.