दुसरी बाटली

साखरपुड्याच्या सकाळी टाकव्यात प्रज्ञेशच्या दारात एक अनोळखी माणूस येऊन उभा राहिला आणि त्याने नवऱ्या मुलाची लघवी मागितली.

मुलाच्या आईने, रतनबाईंनी, आधी झाडू उचलला आणि मग चौकशी केली. तो उत्तेजक द्रव्यं तपासणारा अधिकारी निघाला, नाव कैलास. प्रज्ञेश पुण्याच्या व्यावसायिक फुटबॉल क्लबाचा गोलकीपर, त्यामुळे असली माणसं न सांगता टपकत. चाचणी टाळली तर बंदी, आणि बंदी आली की खेळही गेला, पगारही गेला.

"मग दे की पटकन," रतनबाई म्हणाल्या. "तळेगावला जायाचंय."

प्रज्ञेशने मनापासून प्रयत्न केला. पण नियमाप्रमाणे कैलास समोर डोळे लावून उभा. अशा वेळी कुणाला काय होणार? दोन तांबे पाणी पिऊनही काही झालं नाही.

"नमुना मिळेपर्यंत यांना नजरेआड करता येत नाही," कैलास म्हणाला.

"मग बसा गाडीत. कुनी इचारलं तर तुमी माझे लांबचे भाऊ. खरं बोलू नका, लगीन मोडंल."

मुलीचे वडील सुहास कारखान्याच्या गेटवर लोकांचे डबे उघडून बघण्यात म्हातारे झालेले. तळेगावच्या हॉलमध्ये पाहुणे शिरताच त्यांची नजर या मामावर गेली. मामा भाच्याला क्षणभर सोडेना. त्यात मुलीच्या चंपामावशीने सरबत पुढे केलं, तर प्रज्ञेशने हात जोडले, भलतंसलतं पोटात जायला नको म्हणून पिशवीतून पाण्याची सीलबंद बाटली काढली आणि सील उजेडात धरून तपासलं.

"दाजी, आपल्या हातचं पित नाही पोरगा," मावशी कुजबुजली.

त्रिसरण-पंचशील सुरू झालं. नशापाणी न करण्याचं पाचवं शील आलं तेव्हा सुहासनी नवऱ्या मुलाचे डोळे लाल आहेत का ते वाकून पाहिलं. नेमकं तेव्हाच सकाळपासूनच्या पाण्याने जोर धरला. शेवटचं 'साधू' होताच प्रज्ञेश उठून पळाला. मामा मागोमाग.

"दाजी, मामापण आत गेला! आणि दार उघडंच!"

सुहास धावले. आत मामा हातमोजे घालून उभा होता, हातात काचेच्या बाटल्या. मागून आलेल्या बिचाऱ्या रतनबाईंना रडू फुटलं आणि सगळं खरं बाहेर आलं.

"काका, मी काही घेत नाही," प्रज्ञेश काकुळतीने म्हणाला. "तेच बघायला येतात हे."

सुहासनी कैलासचं ओळखपत्र दोन्ही बाजूंनी वाचलं.

"बाबा," नवरी मुलगी तेजल पुढे आली, "तुम्ही टाकव्यात जाऊन चहावाल्यापासून सरपंचापर्यंत सगळ्यांना विचारून आलात. पण यांच्याएवढी तपासणी केलीत का?"

कैलास बाटल्यांची झाकणं आवळत होता आणि सुहासची गेटवरची नजर तिथेच अडकली.

"उघडतं का हे?"

"फोडल्याशिवाय नाही."

"वा! पण दोन कशाला?"

"एक तपासायची. पुढे कुणी शंका काढली तर दुसरी."

सुहासचा चेहरा पहिल्यांदाच खुलला. "अंगठ्या आणा रे!" ते ओरडले. हॉलमध्ये टाळ्या पडल्या, रतनबाईंनी डोळे पुसले.

मग सुहासनी कैलासला हळूच बाजूला घेतलं.

"साहेब, लग्न होईपर्यंत ती दुसरी आमच्या फ्रीजमध्ये राहू द्या की."