नळ चालू राहिलाय

कामाला जागा लागत नाही, जिद्द लागते, असं मी छाती ठोकून सांगत असे. माझ्याकडे तसा पुरावाही होता. आमची कंपनी पुठ्ठ्याची खोकी बनवते आणि मी खरेदी खात्यात. कागदवाल्यांशी पत्रव्यवहार करायचा, भाव ठरवायचा, माल वेळेवर मागवायचा. ऑफिसचं नूतनीकरण चाललं होतं तेव्हा आम्ही सगळे घरून काम करत होतो, आणि त्या दिवसांत माझ्याइतकं काम कंपनीत कुणीच उरकलं नाही. तेही जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून! एकीकडे बाबांचा टीव्ही. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे बातम्या आमच्या घरी लागल्या की शेजाऱ्यांना वेगळ्या लावाव्या लागत नाहीत. दुसरीकडे चिरंजीव मोठमोठ्याने इतिहास पाठ करणार. आणि या सगळ्यांच्या वर बायकोचा आवाज.

मग नवं ऑफिस तयार झालं. शांततेत माणूस दुप्पट काम करतो, असं साहेबांना कुठल्याशा सल्लागाराने सांगितलं होतं. त्यांनी ते फारच मनावर घेतलं. पायाखाली जाड गालिचा, काचेची दुहेरी भिंत, फोनला घंटा नाही, नुसता दिवा लुकलुकणार. स्टेपलर वापरायचा तर बाहेरच्या खोलीत जायचं. शिंक आली तरी माणूस आधी चौफेर बघून घ्यायचा.

तिथे माझं डोकं चालेनाच. एक ओळ लिहायची, वाचायची, पुसायची. माझ्या पोटातली गुरगुरसुद्धा शेजारच्या हिशेबाच्या बाईंना ऐकू जायची आणि त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघायच्या. कागदवाल्याची पत्रं साचत गेली. शेवटी साहेबांनी मला बोलावलं आणि कुजबुजत झापलं. कागदवाला भाव वाढवून मागतोय, तुम्ही त्याला साधं उत्तर दिलेलं नाही, महिनाअखेरीपर्यंत हे मार्गी लागलं नाही तर तुमची रवानगी गोदामात! गोदामात गेलेला माणूस पुन्हा वर आल्याचं ऐकिवात नव्हतं. 

पण हार मानेन तर मी कसला! मी शांतपणे विचार केला, म्हणजे संडासात बसून केला, कारण तिथे निदान पाण्याचा आवाज होता. घरी होतं आणि इथे नाही, असं काय? गोंगाट! मग तो इथे आणायचा.

रविवारी सकाळी मी फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि फोन बिस्किटांच्या डब्यामागे लपवला. मंडळी अगदी रंगात होती. बाबांनी बातम्या लावल्या, चिरंजीवांनी लढाया सुरू केल्या. त्यातच सोफ्याला कापड लावणारा आला आणि बायकोने त्याला भावावरून धारेवर धरलं. मी टेबलाशी बसून मनातल्या मनात टाळ्या वाजवत होतो.

सोमवारी इयरफोन लावून ते सगळं कानात घालून कामाला बसलो आणि काय सांगू, बोटं भराभर चालायला लागली! अडचण एकच झाली. मध्येच बायकोचा आवाज आला, "अहो, नळ चालू राहिलाय, उठा!" आणि मी ताडकन उठून मोठ्याने म्हणालो, "आलो!" सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. कुणाच्या तरी हातून कप निसटला, पण गालिच्यावर पडल्यामुळे त्याचाही आवाज झाला नाही.

हिशेबाच्या बाई तक्रार करायलाच आल्या होत्या. मी खरं काय ते सांगून टाकलं. त्यांनी माझ्या एका कानातला इयरफोन मागून घेतला आणि बराच वेळ उभ्या उभ्या ऐकत राहिल्या.

"तुमच्या मिसेस छान ओरडतात," त्या म्हणाल्या. "मलाही पाठवा ना हे."

दुसऱ्या दिवसापासून नळ चालू राहिला की आम्ही दोघं एकदमच उठायला लागलो. साचलेलं काम मात्र झपाट्याने संपत आलं. उरला तो कागदवाला. त्याच्याशी व्हिडिओवर बोलणं ठरलं आणि साहेबांनी मला शेजारी बसवून घेतलं.

बैठकीच्या खोलीत छतात नवे स्पीकर होते. ते बसवले त्या दिवशी चाचणी माझ्याच फोनवर झाली होती आणि तेव्हापासून माझा फोन खोलीत आला की थोड्या वेळाने ते आपोआप त्याला जोडले जायचे, हे मी साफ विसरलो होतो. खोलीत शिरलो आणि कानातला आवाज बंद पडला. इयरफोनची बॅटरी संपली असेल, असं समजून मी बसलो. पडद्यावर कागदवाला गोड गोड बोलत होता, भाव कसे कडाडलेत ते सांगत होता. साहेब मान डोलवत होते. आणि छतातून आवाज आला,

"हे बघा, उगाच गोड बोलू नका. मागच्या वेळी कसला माल दिलात ते मला बोलायला लावू नका."

कागदवाला चपापला. माझा हात खिशाकडे गेला, पण घामाने फोन हातात धरवेना.

"ताई, मागच्या वेळी जरा गडबड झाली खरी," कागदवाला पडद्यावर ताईंना शोधत म्हणाला.

"जुन्याच भावात द्यायचं असेल तर द्या. नाहीतर दार उघडंच आहे!"

एव्हाना फोन माझ्या हातात आला होता. तेवढ्यात साहेबांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि मानेनेच सांगितलं, राहू दे. पडद्यावर कागदवाला रुमालाने कपाळ टिपत होता.

"जुना भाव चालेल," तो म्हणाला. "पण ताई, रागावू नका."

"अहो, नळ चालू राहिलाय, उठा!"

साहेब उठले. मी उठलो. पडद्यावर कागदवालाही उठला.

बोलणं संपल्यावर साहेबांनी विचारलं, या बाई कोण? मी सगळं कबूल केलं आणि गोदामाची तयारी ठेवून मान खाली घातली. साहेब म्हणाले, "उद्या त्यांना घेऊन या."

घरी हे सांगितल्यावर मला जे ऐकावं लागलं, ते रेकॉर्ड करायची माझी हिंमत झाली नाही. पण दुसऱ्या दिवशी बायको आली, साहेबांशी बोलली आणि खरेदी खात्यात माझ्याच खुर्चीवर बसली. मला गोदामात धाडलं. तिथे दिवसभर ट्रक येतात, खोकी आदळतात, हमाल एकमेकांना हाका मारतात. माझं काम इतकं छान चाललंय की काही विचारू नका!

घरचं मात्र बिनसलं. बायकोला ऑफिसातली शांतता फार आवडली. आता घरी जाड गालिचा आहे. बाबांच्या कानावर हेडफोन आहेत. चिरंजीव लढाया मनात वाचतात. परवा रविवारी मला साधं वर्तमानपत्र वाचवेना, इतका मी कासावीस झालो. शेवटी गुपचूप ते जुनं रेकॉर्डिंग कानात घातलं. "अहो, नळ चालू राहिलाय, उठा!" सवयीने उठलो, स्वयंपाकघरात गेलो, तर नळ खरंच वाहत होता! मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी तो घट्ट बंद केला आणि आनंदाने ओरडलो, "केला बंद!"

आतून बायकोचा आवाज आला, "श्शू."