नमुन्यासारखाच माल

पुडीला अजून नाव नव्हतं, पण तिनं घासलेल्या तांब्यात हणमंतरावांना स्वतःचा घाबरलेला चेहरा अगदी स्वच्छ दिसत होता.

लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. कचेऱ्या आल्या, साहेब आले, पाट्या लागल्या. पाणी तेवढं यायचं राहिलं होतं. अशा दुष्काळात डाळमिलमधल्या या कारकुनाला बिनपाण्याची भांड्याची पूड सुचली. राख, रिठा, चिमूटभर सोडा. घासा आणि कोरड्या फडक्यानं पुसा. उद्योग खात्याच्या शेषेराव साहेबांनी पूड पास केली तर नव्या जिल्ह्याच्या पहिल्या प्रदर्शनात जागा मिळणार होती. नाहीतर आहेच जन्मभर नाकातोंडात तुरीची धूळ.

आणि आज साहेब स्वतः घरी आले होते. तांब्यावर बोट फिरवून ते म्हणाले, "चमक आहे बुवा! पण पुडीला नाव नाही. गिऱ्हाईक काय म्हणून मागणार? असो, घरी दाखवतो. आमच्या मंडळींनी पास केली तर पास." एवढं बोलून पुडीचं अख्खं पाकीट घेऊन ते जीपमध्ये बसले.

"बघा, मी म्हणलं नव्हतं?" हणमंतरावांच्या पत्नी सौदामिनीबाई खुशीत म्हणाल्या. "आजची राखच लई झकास होती. मैद्यावाणी मऊ."

"कुणी दिली?"

"काय की. गल्लीतल्या बायका चुलीतल्या राखेचे डबे अंगणातल्या झाडाखाली ठेवूनच जातात. पण ही बाई मोठी टापटिपीची दिसते. डब्याच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं, वर सुतळीची गाठ."

इतक्यात घरमालक दत्तोपंत अंगणात आले आणि कडुलिंबाकडे मान वर करून उभे राहिले.

"हणमंतराव, माझा डबा कुठं गेला हो? या फांदीला टांगलेला होता. तोंडाला पांढरं फडकं."

झाडावरचा तो डबा कशाचा होता हे आळीतल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. दत्तोपंतांना लहानाचं मोठं केलेल्या चंद्रप्रभाकाकू संक्रांतीनंतर वारल्या. अस्थी दुसऱ्या पुतण्यानं काशीला नेल्या. रक्षा मात्र माहेरच्या रेणा नदीत, तीही वाहत्या पाण्यातच सोडायची, असं काकूंनी बजावून ठेवलं होतं. रेणापूरला जाऊन बघावं तर नदीत पोरं विटीदांडू खेळत होती. रक्षा घरात ठेवायची नाही, म्हणून डबा झाडाला टांगला होता. दुपारच्या वावटळीत सुतळी तुटून तो नेमका राखेच्या डब्यांत येऊन बसला, आणि तिथं तो सौदामिनीबाईंनी ओळखलाच नाही.

"काल तर होता," हणमंतराव पुटपुटले. हे खोटं नव्हतं, एवढंच त्यांचं समाधान.

"उद्याच्या एस.टी.नं नांदेडला निघालोय. रेणेची वाट बघण्यात अर्थ न्हाई. गोदावरी करंगळीएवढी का होईना, वाहून राहिलीय म्हणतात. जरा शोधा बरं."

दत्तोपंत आत गेले. सौदामिनीबाई मटकन खाली बसल्या.

"अहो, मी तर सगळाच डबा कालवला! उरलं काहीच न्हाई. सगळं त्या पाकिटात गेलं."

"रड नंतर. आधी काकूंना परत आणतो."

हणमंतराव सायकलवर सुटले. साहेबांना काय सांगायचं? पूड बिघडलीय म्हणावं तर जागा गेली. खरं सांगावं तर जागाही गेली आणि अब्रूही. पण दत्तोपंतांचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. जाऊ दे प्रदर्शन खड्ड्यात, असं मनाशी ठरवून त्यांनी साहेबांच्या क्वार्टरची कडी वाजवली.

"साहेब, तेवढं पाकीट परत द्या. पाया पडतो."

"आता कसलं पाकीट? या, मागंच या."

मागच्या मोरीत साहेबांच्या पत्नी पातेली घासत बसल्या होत्या. शेजारी रिकामं पाकीट पडलं होतं. डबे, परात, समया, देवघरातली घंटासुद्धा लखलखत होती. आणि वर नळ धो धो सोडलेला! सगळं लातूर घागरभर पाण्यासाठी टँकरच्या मागं पळत असताना साहेबांच्या मोरीतून करडं पाणी खळाळत वाहत होतं.

"वहिनी," हणमंतरावांचा आवाज चिरकला, "पूड बिनपाण्याची आहे!"

"हाव, पण आमच्याकडं पाणी हाय ना," बाई म्हणाल्या. "पूड मात्र एक नंबर. असं भांडं मी जन्मात बघितलं न्हाई."

हणमंतरावांना राहवलं नाही. त्यांनी चप्पल काढली आणि मोरीला वाकून नमस्कार केला. साहेबांचे डोळे पाणावले. "उद्योगावर एवढी श्रद्धा असलेला माणूस पहिल्यांदा पाहतोय," ते म्हणाले. "तुमची जागा पक्की. फक्त माल या नमुन्यासारखाच पाहिजे हं. प्रत उतरली की जागा रद्द."

परतीची सायकल हणमंतरावांनी हातात धरून चालवली. घर येऊच नये असं वाटत होतं, पण ते आलंच. दत्तोपंत कडुलिंबाखाली पिशवी भरून बसले होते. हणमंतरावांनी त्यांचे पाय धरले आणि सगळं सांगून टाकलं. आता वळकटी बांधावी लागणार याबद्दल त्यांना शंका उरली नाही.

दत्तोपंतांनी पिशवी खाली ठेवली. मग विचारलं, "नळ चालू होता?"

"पूर्ण सोडलेला."

"पाणी वाहत होतं? साचलेलं नव्हतं?"

"खळाळत होतं."

दत्तोपंतांनी क्वार्टरच्या दिशेनं हात जोडले. त्यांचे डोळे भरून आले होते. "जन्मभर भांडी घासली काकूनं. तीन-तीनदा घासायची, तरी मन भरायचं न्हाई. सुटली बिचारी. गोदावरीत तरी एवढं पाणी कुठं मिळालं असतं?" त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. "पुडीला नाव हुडकून राहिलात ना? तिचंच ठेवा. चंद्रप्रभा."

हणमंतरावांना हुंदका आला. असा देवमाणूस घरमालक मिळायला भाग्य लागतं, असं ते मनापासून म्हणाले. पण काळजीला कुठं घर सोडवतं?

"नाव झकास हाय, पंत. पण साहेब म्हणतात, माल नमुन्यासारखाच पाहिजे. आता तसली राख..."

बोलता बोलता त्यांची नजर नकळत दत्तोपंतांवर स्थिरावली. सौदामिनीबाईही दारातून तिकडेच बघत होत्या.

दत्तोपंतांनी पिशवी उचलली आणि लगबगीनं आपल्या दाराकडे निघाले. "माझ्याकडं असं बघू नका, हणमंतराव," ते मागं न वळता म्हणाले. "रेणेला पाणी आलेलं बघायचंय मला अजून."