द्वारकाबाईंचं साडीगार्ड

"औंदा भाऊबीजेला मी भाच्याच्या गाडीत जाईन. तुमच्या फटफटीवर बसणार नाय," चकलीचा सोऱ्या दाबता दाबता द्वारकाबाईंनी जाहीर केलं, आणि पुढच्या खोलीत पेपर वाचणाऱ्या सर्जेरावांचा चष्मा नाकावरून घसरला.

"फटफटीनं काय घोडं मारलं तुझं?"

"फटफटीनं नाय, त्या साडीगार्डनं."

बायकांचा पदर मागच्या चाकात जाऊ नये म्हणून बसवलेली ती लोखंडी जाळी पार गंजून गेली होती. गेल्या भाऊबीजेला माहेरी, पाचोडात उतरल्यावर पाहतात तर नव्या पैठणीवर वीतभर तांबडा पट्टा. वर भावजय चारचौघांत म्हणाली, "वन्सं, हा नवीन काठ निघाला का काय?"

लग्न झाल्यापासून द्वारकाबाई माहेरी गेल्या त्या सर्जेरावांच्या पाठीमागं बसूनच. आता त्या पुढं मोटारीत आणि आपण मागून एकटेच फटफट करत निघालोय, हे चित्र सर्जेरावांना काही सोसवेना.

"आन गार्डचा गंज घालवला तर?"

"साडीला येक ठिपका लागता कामा नये. मग बघू."

सर्जेरावांनी शेजारच्या बुद्धभूषणला गाठलं. तो वाळूजच्या कंपनीत कामाला होता.

"काका, ब्रशचा रंग टिकायचा नाय. पावडर कोटिंग करा. गनमधून पावडर उडवायची, विजेनं ती लोखंडाला धरती. मग भट्टीत भाजली का वितळून अशी बसती, का नखानं निघत नाय."

"कुनाकडं देऊ?"

"दिवाळीचं कोन करून देतंय? समदे सुट्टीवर. माझ्या मित्राकडं गन हाय, आनतो. पन भट्टी?"

सर्जेरावांची नजर पुंडलिकनगरच्या आपल्या दोन खोल्यांत फिरली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलेल्या पत्र्याच्या कोठीवर थांबली. बघता बघता ज्वारी पोत्यात गेली आणि कोठी अंगणात.

"आवो, माझ्या बापानं दिलेली कोठी हाय ती!"

"तुझ्याच साडीसाठी चाललंय समदं!"

कोठीच्या तळाशी विटा मांडून त्यांवर विजेच्या दोन शेगड्यांच्या कॉइल बसल्या. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी पॉलिश पेपरनं घासून लख्ख केलेलं गार्ड पुढच्या खोलीत तारेला टांगलं. खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. काळी पावडर हळूहळू जाळीवर बसू लागली, थेट मखमलीसारखी.

"आता हात लावू नका काका. फुकर बी नको. भाजेपर्यंत ती नुसती टेकलेली असती."

सर्जेरावांनी श्वास रोखला. नेमकी त्याच वेळी आत चिवड्याची फोडणी पडली. तडतडलेल्या मिरचीचा ठसका दाराच्या फटीतून आला. सर्जेरावांनी नाक दाबलं, तोंड दाबलं, पण शिंक काही दाबली गेली नाही. मखमल उडाली ती निम्मी भिंतीवर आणि निम्मी बुद्धभूषणच्या तोंडावर बसली.

"काका," तो काळ्या तोंडानं म्हणाला, "मला भाजू नका म्हंजी झालं."

"कढई बंद कर!" सर्जेराव आतल्या दिशेनं ओरडले.

"लक्ष्मीपूजनाला चूल बंद करू? लोखंडापायी?" द्वारकाबाई कढई, झारा, पोहे सगळं घेऊन समोरच्या कडूबाईंच्या घरी निघून गेल्या.

दुसऱ्यांदा पावडर छान बसली. दोघांनी गार्ड लेकरासारखं सांभाळत अंगणात नेलं, कोठीत टांगलं, आणि जाड वायर आणायला ते बुद्धभूषणच्या घरी गेले. परत येऊन झाकण लावलं आणि बटण दाबलं.

जरा वेळ सगळं शांत होतं. मग कोठीत 'टप्' वाजलं. मग दोनदा. मग असा तडतडाट सुरू झाला की झाकण नाचायला लागलं. कडूबाई धावत आल्या.

"भाऊ, कोठीत लवंगीची माळ लावली का काय?"

"कॉइल गेली!" बुद्धभूषणनं धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला. वरच्या भाडेकरूंचा टीव्ही बंद पडला, तिथून आरडाओरडा सुरू झाला. पण कोठी काही थांबेना.

"लाईट बंद, तरी फुटतंय!" सर्जेरावांना घाम फुटला. त्यांनी सांडशीनं झाकण उचललं, तसं काहीतरी पांढरं उडून त्यांच्या नाकावर बसलं.

लाही होती. ज्वारीची.

आत गार्ड आरशासारखं चकाकत होतं. आणि त्या वितळलेल्या काळ्या रंगात खालपासून वरपर्यंत लाह्या रुतल्या होत्या.

"कोठीत ज्वारी कुठनं आली?"

"मीच टाकली मूठभर," झारा घेऊन आलेल्या द्वारकाबाई म्हणाल्या. "मगाशी मीठ न्यायला आले व्हते. सणासुदीची कोठी कुनी रिकामी ठेवतं व्हय? म्हनलं, तुमी इसरला असाल."

सर्जेराव उरलेल्या विटेवर मटकन बसले. भाऊबीज तोंडावर आली होती. गार्ड निवल्यावर बुद्धभूषणनं एका लाहीला नख लावून बघितलं.

"काका, कोटिंग मातर येक नंबर झालंय. निघतच नाय."

कडूबाईंनीही हात पुढं केला. "खाऊ नका, रंग हाय!" सर्जेराव ओरडले आणि उठले. "पटाशी आन रे. खरवडून परत करू."

"खबरदार!" द्वारकाबाईंनी गार्ड पदरात धरलं. "लाह्यांसाठी मानसं आज बाजारात रांगा लावत्यात. माझ्या माहेरच्या कोठीत त्या आपसूक उमलल्या, आन तुमी पटाशी लावता?"

त्या संध्याकाळी पाटावर लक्ष्मीच्या शेजारी साडीगार्ड बसलं. सर्जेरावांनी त्यालाही मुकाट्यानं हळदकुंकू वाहिलं.

भाऊबीजेला गार्ड जागेवर लागलं. सर्जेराव किक मारून थांबले. मागं बघायचा धीर होत नव्हता. मग सीट दबली, खांद्यावर ओळखीचा हात आला, आणि त्यांची छाती वीतभर फुगली.

गल्लीच्या गतिरोधकावरच मागून आवाज आला, "हळू! लाह्या हलत्यात."

बीड रोडला लागल्यावर त्यांनी आरशात पाहिलं. द्वारकाबाईंनी अख्खी पैठणी गोळा करून मांडीवर घट्ट धरली होती.

"आगं, सोड की साडी खाली. गार्ड कशाला हाय?"

"आन साडी घासून लाह्या गळाल्या म्हंजी?"

सर्जेरावांनी गाडी आणखी हळू केली. पाचोड जितकं उशिरा येईल तितकं त्यांना आज बरंच वाटत होतं.