दादा आणि कॉडच्या कानातला खडा

आमचा दादा जेवायला बसला की पानातल्या माशाचं वय सांगतो. कुणी विचारलेलं नसतं.

त्यासाठी त्याला माशाचं डोकं लागतं. कॉड माशाच्या डोक्यात, कानाच्या जागी, दोन पांढरे खडे असतात, पावट्याच्या दाण्याएवढे. दादा खडा बोटांनी कटकन मोडतो, शर्टाच्या खिशातून भिंग काढतो आणि आतली वलयं मोजतो. एक हिवाळा, एक वलय. मग जाहीर करतो, "तीन वर्षांचा. अजून पिल्लंसुद्धा झाली नव्हती त्याला. पोर होतं गं!" यानंतर टेबलावरचं कुणी दुसरा घास घेत नाही.

नोकरीभर त्यानं हेच केलं. पुण्याहून आला तो थेट इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका प्रयोगशाळेत, आणि रिटायर होईपर्यंत मायक्रोस्कोपला डोळा लावून बसला. समुद्रात कुठल्या वयाचे मासे किती उरलेत ते या खड्यांवरून कळतं, आणि यंदा किती पकडावेत याचा सल्ला त्यावरून वर सरकारकडे जातो. या भानगडीत लग्न करायचं राहून गेलं. "वेळ कुठे होता? पेट्याच्या पेट्या यायच्या खड्यांच्या," म्हणतो. आता तो केंब्रिजला आमच्याकडेच असतो, आणि आमच्या फ्रीझरमध्ये मटारच्या पिशव्यांशेजारी कॉडची मुंडकी असतात.

मला त्याची लाज वाटते. सख्ख्या भावाबद्दल हे लिहायला बरं वाटत नाही, पण वाटते. एकदा माझ्या हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या नर्सेसबरोबर आम्ही फिश अँड चिप्स खायला गेलो. दादानं काउंटरवरचा तळलेला तुकडा उलटापालटा करून पाहिला आणि दुकानदाराला भर रांगेत विचारलं, "हे ठीक आहे, पण डोकं कुठंय?" दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी भिंतीवरचा मेनू वाचत राहिले. मेनूत वाचण्यासारखं काही नव्हतं.

माझी मुलगी ईशा बेसिंगस्टोकला आयटीत आहे. तिचं टॉमशी जमलं. टॉमचे वडील केन पूर्वी मासेमारीच्या बोटीचे कप्तान होते. व्याह्यांची पहिली भेट आमच्याकडे संडे लंचला ठरली, तेव्हा ईशानं दादाला समोर बसवून समज दिली.

"मामा, प्लीज, संडेला फिशचं काही बोलू नकोस हं. टॉमच्या डॅडचा बोट गेला ना, ते अजून अपसेट असतात."

"कुठल्या बंदरातली बोट?" दादानं विचारलं.

तिनं गावाचं नाव सांगितलं. दादाचा चेहराच उतरला. "मग मी नाही बसत जेवायला. आणि लग्नातही मला पुढे करू नका."

ईशाला रडू कोसळलं. नवरीला मंडपात आणायचं ते मामानं, हे तिनं लहानपणापासून ऐकलेलं, आणि तिला मामा एकुलता एक. मला वाटलं, दादा रुसला. मी फाडफाड बोलले. "गप्प बस म्हटलं की लगेच राग? चार लोकांत आमची अब्रू राहते की नाही ते कधी बघणार तू?" तो उठून आपल्या खोलीत गेला.

रविवारी मात्र आला. टाय लावून, भांग पाडून, टेबलाच्या अगदी टोकाला बसला. केन आले तेच बर्फाची पेटी घेऊन. म्हणाले, "टॉम सांगत होता, तुमच्या भावाला अख्खा मासा आवडतो. शेटलंडला मित्राची बोट आहे, त्याच्याकडून आणला." आत भलाथोरला कॉड होता, डोक्यासकट. ईशानं डोळे मिटून घेतले. मीही आता भिंग निघतंय याची वाट बघत राहिले.

भिंग निघालं नाही. दादानं पेटीकडे पाहिलंसुद्धा नाही. खाली मान घालून वरणभात कालवत राहिला. मनात म्हटलं, चला, एकदाचा शहाण्यासारखा वागला.

जेवणं झाली आणि दादा खुर्ची धरून उभा राहिला.

"केन," तो इंग्रजीत म्हणाला, "तुमच्या बंदरातल्या माशांचे खडे मीच वाचायचो. दर वर्षी मोठे मासे कमी दिसायचे, तसं लिहीत गेलो. त्यावरून सरकारनं मासेमारी आवळली आणि तुमच्या बोटी मोडीत निघाल्या. मी खोटं लिहिलं नाही. पण बोटी मोडत होत्या तेव्हा बघायला यायची हिंमत झाली नाही. लाज वाटत होती. अजूनही येतो तुमच्या धक्क्यापर्यंत, पण गाडीतून उतरवत नाही."

अधूनमधून हा "जरा ड्राइव्हला जाऊन येतो" म्हणायचा, तो कुठे जायचा हे मला तेव्हा कळलं.

केननी टेबलक्लॉथची सुरकुती बोटानं सपाट केली. मग म्हणाले, "शेवटी शेवटी जाळ्यात नुसती पोरं यायची. आम्हाला दिसत होतं. पबमध्ये मात्र तुम्हा लोकांना शिव्या घालायचो. सगळ्यांत जास्त मीच घातल्या."

ते उठले, माझ्या किचनमधून सुरी आणली, त्या कॉडचं डोकं वेगळं केलं आणि ताटलीत घालून दादापुढे ठेवलं. "बघा बरं, किती वर्षांचा आहे."

दादानं खडा काढून मोडला, भिंग लावलं, काढलं, चष्मा पुसला, पुन्हा लावलं.

"म्हातारा आहे," तो म्हणाला. "केन, चांगला म्हातारा आहे हो! नातवंडंसुद्धा असतील याला."

"बघू," म्हणून केननी भिंग घेतलं आणि तेही वलयं मोजायला लागले. दोघांची पिकली डोकी एका खड्यावर वाकली होती. मला मान वर करवेना. मला याची चार लोकांत लाज वाटत होती, आणि हा आपली लाज एकटाच गाडीत बसून सोसत होता. त्यालाच मी अब्रूचे धडे देत होते.

ईशा हळूच त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. "मामा, मंडपात तूच आणशील ना मला?"

"आणीन की," दादा नाक पुसत म्हणाला. "पण लग्नाचं जेवण व्हेजच ठेवा. नाहीतर माझ्यानं गप्प बसवणार नाही."