सात रिंगांची नियमावली

परदेशी जाण्यामागे माणसाचा हेतू काहीही असो, तिथे पाऊल टाकल्यावर त्याच्या आयुष्यात एकच ध्येय उरते: फोनचे बिल येता कामा नये. समुद्र, संग्रहालये, लेकीचा संसार या गोष्टी मग ओघाने बघून होतात. विमानातून उतरणाऱ्या शंभर प्रवाशांपैकी एक्क्याण्णव जण आधी फोनकडे बघतात आणि नंतर बरोबर आणलेल्या माणसांकडे. (उरलेल्या नऊ जणांच्या बॅगा हरवलेल्या असल्याने त्यांना मोजणीतून वगळले आहे.)

नोंदणी कार्यालयातून मुख्य लेखनिक म्हणून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी हे ध्येय जितक्या निष्ठेने सांभाळले, तितके क्वचितच कोणी सांभाळले असेल. कचेरीत त्यांना सगळे ‘पोटकलम’ म्हणत. कुठल्याही नियमात त्यांना एखादे पोटकलम हमखास सापडे, आणि नाहीच सापडले तर संध्याकाळपर्यंत ते तयार होई. हे टोपणनाव त्यांच्या कानावर आले होते आणि त्यांनी ते बढती समजून स्वीकारले होते.

पोटकलम आणि त्यांची बायको तीन महिन्यांसाठी लेकीकडे परदेशी निघाले. मागे राहिली ती त्यांची थोरली बहीण, आक्का. ती त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे, दोन खोल्यांत एकटी राहत असे. आईवडील लवकर गेल्यावर तिने शिलाई मशीन चालवून भावाला शिकवले होते. त्याच्या प्रत्येक परीक्षेची फी कुणाच्या ना कुणाच्या ब्लाउजमधून निघाली होती. स्वतःचे लग्न तिने ‘याचं एकदा मार्गी लागू दे’ म्हणून पुढे ढकलले, आणि याचे मार्गी लागेपर्यंत ते वय निघून गेले. पोटकलमांचा आक्कावर फार जीव होता. तसे त्यांनी तिला कधी सांगितले नव्हते, कारण अशा मजकुराचा नमुना उपलब्ध नव्हता.

आक्काकडे बटणांचा जुना फोन होता. बोट लावले की पळणारा फोन तिला नको होता. त्यामुळे इंटरनेटवरून फुकट बोलण्याचा मार्ग बंद होता, आणि उरला होता फोन कंपनीचा मार्ग. कंपनीने परदेशी जाणाऱ्यांसाठी तीन योजना काढल्या होत्या: ‘सुखद’, ‘निवांत’ आणि ‘निश्चिंत’. ‘निश्चिंत’चा दर वाचल्यावर पोटकलमांना रात्रभर झोप लागली नाही. लेक म्हणाली, बाबा, मी इथलं कार्ड घेऊन देते. पोटकलमांनी तिच्याकडे तिथल्या सर्व कंपन्यांचा तुलनात्मक तक्ता मागितला. तो अजून यायचा आहे.

अखेर कंपनीच्या बेचाळीस पानी पुस्तिकेत, अडतिसाव्या पानावर, तळटिपेत त्यांना हवे ते सापडले. परदेशात असताना फोन वाजला पण उचलला नाही, तर आकार शून्य. पोटकलमांनी चष्मा काढून पुसला. फोन नुसता वाजवण्याचे काम कंपनी फुकट करायला तयार होती. पैसे पडत होते ते फक्त बोलण्याचे. तेव्हा बोलणे वगळले की झाले.

त्याच रात्री नियमावली तयार झाली. एक रिंग म्हणजे सर्व ठीक. दोन म्हणजे जेवण झाले. तीन म्हणजे झाडांना पाणी घातले. चार म्हणजे टपाल आले, पण बिनमहत्त्वाचे. पाच म्हणजे गॅसची टाकी आली. सहा राखीव (पुढेमागे काही सुचल्यास). आणि सात रिंगा म्हणजे तातडी, फोन उचलावा. खाली तारांकित सूचना होती, की सातच्या आत फोन उचलणारास उधळ्या समजण्यात येईल. नियमावलीची एक प्रत प्लास्टिकमध्ये घालून आक्काच्या मशीनसमोरच्या भिंतीवर लावण्यात आली. ‘वाचून दाखवली, समजली, मान्य आहे’ याखाली आक्काने वळणदार सही केली. भावाने काढलेल्या प्रत्येक कागदावर ती इतक्याच अभिमानाने सही करी.

तीन संध्याकाळी रंगीत तालीम झाली. पहिल्या दिवशी आक्का मोजता मोजता बोलण्यात रमली आणि सतरा रिंगा देऊन बसली. दुसऱ्या दिवशी तिने एका रिंगेतच फोन उचलून, ‘किती झाल्या रे?’ असे विचारले. तिसऱ्या दिवशी मात्र अचूकतेचे प्रमाण चौऱ्याण्णव टक्क्यांवर गेले आणि नियमावली अमलात आल्याचे जाहीर झाले.

निघायच्या आदल्या दिवशी कंपनीच्या दुकानात एक फॉर्म भरताना पोटकलमांना ‘निरोप-पेटी: मोफत’ असा रकाना दिसला. त्यांनी त्यावर खूण केली. ती पेटी कशाची, ती उघडते कधी, मोफत कुणाला आणि कुठवर, हे सगळे मागच्या बाजूला छापलेले होते. पण मोफत या शब्दापुढे वाचन चालू ठेवणारा माणूस अजून जन्मायचा आहे. पोटकलमांनी आयुष्यात एकच फॉर्म मागची बाजू न वाचता भरला, तो हा.

परदेशातले पहिले तीन आठवडे नियमावलीने दृष्ट लागावी असे काम केले. सकाळी आठला एक रिंग येई, दुपारी दोन, संध्याकाळी तीन. पोटकलम लेकीच्या स्वयंपाकघरातल्या उंच स्टुलावर वही घेऊन बसत आणि प्रत्येक रिंगेची वेळ, संख्या व अर्थ टिपून ठेवत. इकडूनही उत्तरादाखल रिंगा जात. रोज सरासरी अकरा रिंगांची देवाणघेवाण होई आणि खर्च शून्य. जावयाने एकदा भीत भीत विचारले, की आत्याबाईंशी कधी बोलायचं नसतं का? पोटकलम म्हणाले, बोलतोच तर आहोत. लेकीने आपल्या फोनवरून आक्काला फोन लावायची तयारी दाखवली, तेव्हा त्यांनी तिला समजावले, की एकाच वेळी दोन पद्धती लागू केल्या तर म्हातारीचा गोंधळ उडेल.

चौथ्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, पाच रिंगा आल्या. पोटकलमांनी लिहिले: गॅसची टाकी आली. दहा मिनिटांनी पुन्हा पाच. दुपारी पाच, संध्याकाळी पाच, पुन्हा पाच. बुधवारी सात वेळा पाच पाच. एका रिंगेचा, म्हणजे ‘सर्व ठीक’चा, मंगळवारपासून पत्ता नव्हता, पण पोटकलमांनी त्याचा असा अर्थ लावला, की टाक्या उतरवून घेण्याच्या धांदलीत सर्व ठीक कळवायला तिला सवड मिळत नसावी. भाव वाढणार असल्याची कुणकुण लागून तिने साठा चालवला असावा, असाही एक शेरा वहीत आहे.

बायकोचा धीर गुरुवारी सुटला.

“अहो, बारा टाक्या झाल्या. वन्सं एकट्या बाई, बारा टाक्यांचं करतायत काय, खानावळ काढलीय का? उचला तो फोन.”

“सात झाल्या तर उचलेन. पाचाला उचलायचा, तर मग नियम केला कशाला?”

फोन पुन्हा वाजला. दोघेही मोजत राहिले. पाच झाल्या आणि तो थांबला. पोटकलमांनी बायकोकडे विजयाने पाहिले आणि तेरावी टाकी लिहून घेतली. पण त्या दिवशी त्यांना जेवण गेले नाही. त्याचे कारण त्यांनी लेकीच्या हातच्या स्वयंपाकावर ढकलले.

शनिवारी लेकीला सुट्टी होती. तिने बाबांचा फोन सहज हातात घेतला, तर वरच्या कोपऱ्यात पाकिटाचे एक बारीक चित्र आणि त्यापुढे तेवीस हा आकडा.

“बाबा, ही निरोप-पेटी तुम्ही चालू केलीत?”

पोटकलम म्हणाले, ती मोफत आहे.

लेक त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि तिने सावकाश सांगितले. फोन उचलला नाही, तर पाचव्या रिंगेनंतर ही पेटी आपोआप तो घेते. एक रेकॉर्ड केलेली बाई बोलते, निरोप ठेवा म्हणते. म्हणजे समोरच्याने कितीही वेळ वाजवला, तरी या फोनवर पाचाच्या पुढे रिंग वाजतच नाही. पोटकलमांनी वही मिटली. सात रिंगा त्यांच्या फोनवर येणे पहिल्या दिवसापासूनच शक्य नव्हते. निरोप ऐकायचे बटण लेकीनेच दाबले.

पहिला निरोप मंगळवारचा होता. “अहो बाई, मला माझ्या भावाशी बोलायचं होतं. सात रिंगा द्यायच्या होत्या, तुम्ही पाचव्यालाच उचललंत. असू दे. त्याला सांगा, आक्का बाथरूममध्ये घसरली. उजवं मनगट मोडलंय. शेजारची नर्स घेऊन आलीय दवाखान्यात. घाबरू नको म्हणावं.”

दुसरा निरोप: “बाई, मीच. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन करून मनगटात पट्टी बसवायची, दोन दिवसांच्या आत. मी म्हटलं, भावाला विचारल्याशिवाय सही नाही करायची. त्याला कागदातलं सगळं कळतं.”

पुढच्या वीस निरोपांत आक्काने त्या बाईंना सर्व काही सांगितले होते. भाऊ लहानपणी कसा होता, त्याला पहिली नोकरी लागली तेव्हा ती कशी आडोशाला जाऊन रडली होती, हात रात्री किती ठणकतो, आणि मशीनवर कुणाच्या सुनेचे दोन ब्लाउज अर्धवट राहिलेत. (या मजकुरापैकी जवळजवळ काहीच पोटकलमांना ठाऊक नव्हते.) नवव्या निरोपात तिने बाईंना जेवलात का म्हणून विचारले होते. सोळाव्यात म्हणाली, तुम्ही फार कामात दिसता, तो तिथे मजेत असेल तर राहू दे, नका सांगू त्याला. तेविसावा निरोप शुक्रवारचा होता. “बाई, आज डॉक्टर रागावले. उशीर झाला म्हणाले. मग दिला मी डाव्या हाताचा अंगठा. सही येत असून अंगठा दिला, हे तेवढं त्याला सांगू नका.”

पोटकलमांनी फोन लावला. पूर्ण दराने, अडतिसावे पान डोळ्यांपुढे असताना.

“आक्का, मी बोलतोय.”

“तू? अरे, बिल येईल. ठेव.”

“येऊ दे.”

मग आक्का हळूच म्हणाली, “मी बरोबर सात मोजत होते रे. दर वेळेला पाचावरच ती बाई यायची. माझं काही चुकलं का?”

पोटकलमांना रडू फुटले. तुझे काही चुकले नाही, असे ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, आणि आक्का त्यांना मिनिटे किती झाली ते विचारत राहिली. तो फोन अठरा मिनिटे चालला. आठवड्याभरात ते दोघे मुदतीआधीच परतले.

हाड जुळले, पण थोडे तिरके. बोटांची मूठ पुरती वळत नाही. वेळेत झाले असते तर वळली असती, असे डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे वळले. सुईत दोरा ओवायला आता शेजारच्या नर्सला हाक मारावी लागते. मोफत पेटीतल्या तेवीस निरोपांचे बिल यथावकाश आले (मोफत ती फक्त देशात होती). पोटकलमांनी ते एकही ओळ न वाचता भरून टाकले. भिंतीवरची नियमावली त्यांनी स्वतः काढून फाडली.

याउपर असे काही घडू नये म्हणून त्यांनी स्वतःला आणि आक्काला एकेक अमर्याद योजना घेऊन दिली. बोला कितीही, कुठूनही, आकार एकच. पहिल्या आठवड्यात रोज अकरा फोन झाले, तेही बोलणे असलेले. दुसऱ्या महिन्यात दिवसाआड एक. सहा महिन्यांनंतरची सरासरी नऊ दिवसांतून एक फोन अशी आहे, आणि तो बहुधा आक्काचाच असतो. पोटकलम तो नेहमी उचलतातच असे नाही. त्यांचे म्हणणे, आता घाई कसली, फुकटच तर आहे, संध्याकाळी लावू. (दोन गल्ल्या चालत जाण्यावरही अजून दर लागलेला नाही. चार मिनिटे लागतात.)

इथे वाचकाने हळहळावे आणि पोटकलमांना मनातल्या मनात चार शब्द सुनावावेत, हे रीतीला धरूनच आहे. आपलीही योजना अमर्यादच असणार, हल्ली सगळ्यांचीच असते. फक्त एक बारीकशी माहिती नोंदीसाठी हवी होती. मघाशी वाचता वाचता आपला फोन वाजला, आपण नाव पाहिले आणि ‘नंतर करतो’ म्हणून तो पालथा ठेवलात. किती रिंगा झाल्या, मोजल्यात का?